गुडघा बरा झाला, आता तुझ्याशी बोलू

मुरबे, ता. पालघर

ऑपरेशन झालेल्या गुडघ्यामागे दडून बसणाऱ्या धास्तीस,



तुला पत्र लिहायचं कारण असं, की तुझ्याशी थेट कुणी बोलतच नाही. गुडघ्याशी सगळे बोलतात. त्याचा एमआरआय काढतात, दुर्बिणीतून ऑपरेशन करतात, पट्टा बांधतात, किती अंशात वाकतो ते पाहतात, मांडीचा घेर टेपने मोजतात. तुझं नाव मात्र कुठल्याच कागदावर नसतं. मग एक दिवस डॉक्टर ‘खेळायला हरकत नाही’ असं लिहून देतात, घरचे देवाला नारळ फोडतात, आणि त्या संध्याकाळी पोरगं मैदानात उतरतं तेव्हा कळतं, की तू त्याच्या आधीच तिथे येऊन बसली आहेस.

मी मुरब्यात पोरापोरींना कबड्डी शिकवतो. आमचं गाव दर्यावर जगणारं. खाडीपलीकडे सातपाटी, मागच्या अंगाला बोईसर-तारापूरचे कारखाने. पोरं एक तर वडिलांच्या होडीवर जातात, नाहीतर एमआयडीसीत पाळीवर. दोन्हीकडून सुटली की मैदानावर येतात. पाऊस सरला की कबड्डीचे आणि टेनिस क्रिकेटचे सामने लागतात, ते शिमगा उलटून जाईपर्यंत चालतात. याच सामन्यांत गुडघे जातात. आधी लोक तेलाने चोळून बघतात, हाडवैद्याकडे जातात. सूज उतरली की पोरगं पुन्हा खेळायला येतं आणि वळताना गुडघा पुन्हा निसटतो. मग कुठे बोईसरहून गाडी पकडून सुमारे 100 किलोमीटरवरची मुंबई गाठली जाते. तिथे कळतं, की ‘लिगामेंट गेलंय’. हा सगळा प्रवास गाव डोळ्यांनी बघतं. तुझा प्रवास त्यानंतर सुरू होतो आणि तो कुणाला दिसत नाही.

मला तू पहिल्यांदा स्पष्ट दिसलीस ती आमच्या एका चढाईपटूच्या डाव्या पायात. पकड चुकवताना त्याचा पाय मातीत रुतला आणि अंग फिरलं. कुणी हातही लावला नव्हता. गुडघ्याच्या आतलं पुढचं लिगामेंट, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, ते बहुतेक वेळा असंच तुटतं. धक्का लागून तुटण्यापेक्षा उडीवरून उतरताना, थबकताना, वळताना तुटण्याचं प्रमाण कितीतरी जास्त. ऑपरेशन झालं, फिजिओने सांगितलेले व्यायाम त्याने इमानेइतबारे केले, डॉक्टरांनी मोकळीक दिली. तो वडिलांबरोबर होडीवरही जाऊ लागला. ओहोटीच्या वेळी हातात दोर धरून तो होडीच्या काठावरून खाली उडी टाकतो. खाली गुडघाभर पाणी, त्याखाली पाय धरून ठेवणारा चिखल. तरी तो क्षणभरही थांबत नाही. तिथे तू नसतेस.

संध्याकाळी तोच मुलगा चढाईला जातो. उजव्या कोपऱ्याला हूल देतो, आता डावा पाय रोवून वळायचं असतं. डाव्या पायाचा चवडा टेकतो, टाच टेकत नाही. अंगाचं वजन उजव्यावरच राहतं. बोनस घ्यायचा तर एक पाय रेषेपलीकडे टेकवून मागचा हवेत उचलावा लागतो, म्हणजे क्षणभर सगळं अंग एका गुडघ्यावर येतं. तो क्षण आला की त्याचा पाय रेषेच्या चार बोटं अलीकडेच थांबतो. तोंडाने दम चालू असतो, पण नजर समोरच्या पकडीवर नसते. ती खाली, स्वतःच्या गुडघ्यावर असते. समोरच्या संघातल्या जाणत्या पोरांना हे पहिल्या दोन चढायांतच कळतं आणि ती त्याच बाजूला सापळा लावतात.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तू गुडघ्यात राहत नाहीस. जिथे गुडघा तुटला त्या जागेत, त्या हालचालीत, त्या आवाजात तू राहतेस. होडीवर त्याचा गुडघा कधी तुटलाच नव्हता, म्हणून तिथे तुझा ठावठिकाणा नाही. आणि म्हणूनच ‘अरे, होडीवरून उड्या मारतोस आणि इथे कसला घाबरतोस?’ असं त्याला विचारणं फार अन्यायाचं आहे. तरीही लोक तेच विचारतात. रेषेबाहेर उभे राहून म्हणतात, जीव चोरतोय, नाटकं करतोय, पहिल्यासारखा राहिला नाही. ज्यांचं त्याच्यावर प्रेम आहे ते म्हणतात, मन घट्ट कर. दोन्हींचा अर्थ त्याच्या कानाला एकच लागतो: शरीर बरं झालं, आता जो दोष आहे तो तुझ्यात आहे.

हे मला मान्य नाही, आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे. तू निव्वळ मनाचा खेळ नाहीस. तुला शरीराचा भक्कम आधार आहे. एसीएलचं काम फक्त दोन हाडं एकमेकांना धरून ठेवायचं नसतं. त्याच्यात मज्जातंतूंची बारीक टोकं असतात. गुडघा किती वाकला, कुठे वळतोय, किती ताण आला, ही खबर ती मेंदूला देत असतात. लिगामेंट तुटलं की ही खबर मिळेनाशी होते. ऑपरेशनमध्ये मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या पट्ट्याचा तुकडा काढून नवं लिगामेंट बसवतात. त्यात रक्तवाहिन्या यायला, ते रुजायला, मूळच्यासारखं व्हायला बरेच महिने जातात. या काळात दुखावलेल्या, सुजलेल्या सांध्यामुळे मज्जासंस्था स्वतःच मांडीच्या पुढच्या स्नायूचा जोर अडवून धरते. माणसाने कितीही मनावर घेतलं तरी तो स्नायू पुरता आवळत नाही. मेंदूला आतून खबर कमी मिळते म्हणून तो डोळ्यांवर जास्त विसंबू लागतो. आमच्या पोराची नजर खाली का जात होती त्याचं उत्तर यात आहे. ती भित्रेपणाची खूण नव्हती. त्याचा मेंदू जे ऐकू येत नव्हतं ते बघून घेत होता.

तुझी ताकद किती आहे तेही आता मोजलं गेलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर आर्डर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये जगभरातल्या 48 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. एसीएलचं ऑपरेशन झालेले 5,770 लोक त्यात होते. गुडघ्याची ताकद, घट्टपणा वगैरे तपासलं तेव्हा सुमारे 90 टक्के लोकांचा गुडघा अगदी किंवा जवळपास ठणठणीत निघाला. पण दुखापतीआधीच्या पातळीवर परत खेळू लागले ते 63 टक्के, आणि स्पर्धेत परतले ते फक्त 44 टक्के. गुडघा बरा झालेले आणि मैदानात परतलेले यांच्यात एवढी मोठी दरी. ज्यांनी खेळ सोडला किंवा कमी केला त्यांनी सांगितलेलं सगळ्यात मोठं कारण होतं पुन्हा दुखापत होण्याची भीती. म्हणजे तू. हे आकडे मी पोरांना मुद्दाम सांगतो. ते ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य येतं आणि मग सुटका. जगभरच्या खेळाडूंना जे होतं तेच आपल्यालाही होतंय, एवढं कळलं तरी मान वर येते.

डॉक्टरांची परवानगी आणि मनाची परवानगी या दोन वेगळ्या तारखा असू शकतात, हे शिकागोत साऱ्या जगाने पाहिलं. शिकागोचा डेरिक रोझ 2011 मध्ये अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तोही 22व्या वर्षी. 28 एप्रिल 2012 रोजी त्याच्या डाव्या गुडघ्याचं एसीएल तुटलं. मार्च 2013 मध्ये डॉक्टरांनी त्याला खेळायला मोकळीक दिली, तो सरावातही दिसायचा, पण त्या मोसमात तो एकही सामना खेळला नाही. त्याच्यावर केवढी टीका झाली! एवढा पैसा घेतो, पाय बरा आहे, मग उतरत का नाही? पुढच्या मोसमात तो उतरला आणि नोव्हेंबर 2013 मध्ये त्याच्या उजव्या गुडघ्याची गादी फाटली. जिथे सर्वोत्तम डॉक्टर, फिजिओ, पैसा सगळं हाताशी होतं तिथेही मोकळीक मिळालेल्या एका माणसाला तू महिनोन्महिने रोखून धरलंस. मग मुरब्याच्या पोराला, ज्याला फिजिओकडे जायला पाळी बदलून घ्यावी लागते, तू चार दिवसांत सोडशील अशी अपेक्षा आम्ही कोणत्या तोंडाने करायची?

पण तू प्रत्येकाला कायमचं रोखतेस असंही नाही. सांगलीची स्मृती मानधना जानेवारी 2017 मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन हीटकडून खेळताना पडली आणि तिचं एसीएल गेलं. विश्वचषकाची पात्रता फेरी हुकली, दक्षिण आफ्रिकेतली चौरंगी मालिका हुकली. पाच महिन्यांनी ती थेट विश्वचषकात उतरली. 24 जूनला डर्बीत इंग्लंडविरुद्ध 90, त्यानंतर टाँटनला वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद 106. ही गोष्ट सगळे इथेच थांबवतात. मी पुढची सांगतो. त्याच स्पर्धेतल्या नंतरच्या सात डावांत तिला एकदाही 20 धावा करता आल्या नाहीत, आणि लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात ती शून्यावर बाद झाली. खेळ आहे, असं कुणाचंही होतं. पण त्यानंतरही ती उभी राहिली आणि 2018 साली आयसीसीची सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू ठरली. परतीचा रस्ता सरळ चढणीचा नसतो. पहिला चांगला सामना म्हणजे तू गेलीस असं नव्हे, आणि पहिला वाईट सामना म्हणजे तू जिंकलीस असंही नव्हे. आणि पाच महिन्यांचा हिशोब कुणी स्वतःला लावून घेऊ नये, हेही मी लगेच सांगतो. प्रत्येकाची इजा वेगळी, प्रत्येकाचा खेळ वेगळा. कबड्डीत तर प्रत्येक चढाईत गुडघा पिळला जातो.

ऋषभ पंतची गोष्ट पोरांना पाठ आहे. 30 डिसेंबर 2022 ला रुरकीजवळ गाडीचा अपघात, उजव्या गुडघ्याच्या लिगामेंटांची वाताहत, जानेवारीत मुंबईत ऑपरेशन. 23 मार्च 2024 रोजी आयपीएलमध्ये तो पुन्हा मैदानात उतरला, म्हणजे जवळजवळ 15 महिन्यांनी. कुस्तीगीर विनेश फोगाटच्या गुडघ्याचंही ऑपरेशन ऑगस्ट 2023 मध्ये मुंबईतच झालं. त्याआधी रिओ ऑलिंपिकमध्ये 2016 साली तिचा गुडघा लढतीतच मोडला होता आणि तिला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं होतं. 2018 मध्ये जाकार्ताला ती आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला कुस्तीगीर ठरली. पॅरिस ऑलिंपिकमध्ये, ऑगस्ट 2023 च्या ऑपरेशननंतर वर्षभराच्या आत, तिने गतविजेत्या युई सुसाकीला हरवलं. ज्या मॅटवर पाय मोडला त्याच खेळाच्या मॅटवर ती पुन्हा पुन्हा गेली.

आणि आमच्या शेजारचं नाव घ्यायचं तर पालघरजवळच्या माहीमचा शार्दूल ठाकूर. त्याचं दुखणं गुडघ्याचं नव्हतं, पण तुझी जात सगळ्या दुखण्यांत एकच. 12 ऑक्टोबर 2018 ला हैदराबादेत तो आयुष्यातली पहिली कसोटी खेळायला उतरला आणि दहा चेंडू टाकून जांघेच्या स्नायूमुळे बाहेर गेला. दुसरी कसोटी मिळायला जानेवारी 2021 उजाडला. ब्रिस्बेनला त्याने सात बळी घेतले आणि पहिल्या डावात 67 धावा केल्या. जून 2024 मध्ये लंडनला पायाचं ऑपरेशन झालं, आणि जानेवारी 2025 मध्ये रणजीत जम्मू-काश्मीरविरुद्ध मुंबईचा डाव कोसळत असताना त्याने शतक ठोकलं. पालघरहून रेल्वेने मुंबईला जाऊन क्रिकेट शिकलेला हा मुलगा. माझ्या पोरांच्या दृष्टीने तो टीव्हीतला माणूस नाही, त्याच मार्गावरची गाडी पकडणारा माणूस आहे. म्हणून त्याचं परतणं त्यांना खरं वाटतं.

आता तुझी बाजू. कारण तुझी एक बाजू आहे आणि ती मी प्रामाणिकपणे मांडणार आहे. आमच्याकडे दर्याला न भिणाऱ्या तांडेलाबरोबर कुणी शहाणा माणूस होडीवर जात नाही. वारा फिरला हे ज्याच्या पोटात आधी कळतं तोच सगळ्यांना किनाऱ्याला आणतो. तुझंही तसंच आहे. नॉर्वेत झालेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की ऑपरेशननंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितके महिने लांबवावं तितका गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका कमी होत जातो, आणि ही घट दर महिन्याला जवळजवळ निम्म्याने होते. म्हणजे सहाव्या महिन्यात, जेव्हा चालताना दुखत नाही, पायऱ्या चढता येतात, आणि मित्र म्हणतात ‘चल, एक सामना खेळ’, तेव्हा जी पाय मागे ओढते ती तू असतेस. त्या वेळी तू त्या पोराची सगळ्यात मोठी हितचिंतक असतेस. ज्याला तू भेटतच नाहीस तो घाईत उतरतो आणि दुसऱ्यांदा टेबलावर जातो. ऐन तरुण वयात खेळात परतणाऱ्यांमध्ये दुसऱ्या दुखापतीचं प्रमाण छातीत धडकी भरवण्याइतकं आहे. म्हणून तुला मुळासकट उपटून टाकावं असं मला वाटत नाही. मला हवं आहे ते एवढंच, की तू वेळेवर यावंस आणि वेळ झाली की निघावंस.

पण तू एकटी येत नाहीस. तुझ्या मागोमाग आणखी किती गोष्टी घरात शिरतात! संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सामन्याचे फोटो पडतात आणि हा घरी पाय उशीवर ठेवून बघत बसतो. सुरुवातीला रोज येणारे मित्र हळूहळू शनिवार-रविवार येतात, मग येईनासे होतात. ‘कबड्डीवाला’ ही त्याची गावातली ओळख. ती गेल्यावर मी कोण, असा प्रश्न त्याला रात्री पडतो. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, त्यावर डोळा ठेवून घरच्यांनी त्याला खेळू दिलेलं असतं. ऑपरेशनला पैसे मोडलेले असतात. त्यामुळे लवकर परतण्याची घाई आणि परतल्यावर पुन्हा मोडण्याची भीती, दोन्ही एकाच वेळी उरावर बसतात.

मुलींचं तर आणखी कठीण. एसीएल तुटण्याचा धोका एकाच खेळात मुलांपेक्षा मुलींना अधिक असतो, हे सगळीकडच्या अभ्यासांत दिसून आलं आहे. आणि बरं होण्यासाठी लागणारी मोकळीक त्यांनाच सगळ्यात कमी. आमची एक कोपरारक्षक ऑपरेशननंतर भिंतीला पाठ लावून व्यायाम करायची. पाहुणे आले की आई तिला आतल्या खोलीत पाठवायची, कारण गुडघ्याचं ऑपरेशन झालंय हे स्थळ आणणाऱ्यांना कळायला नको. पट्टा कपाटात, व्रणावर सलवार. जी गोष्ट घरातच लपवायची असते तिच्याबद्दलची भीती ती मुलगी बाहेर कुणाला सांगणार? तिने मला सांगितलं तेही फार उशिरा: घोट्याला पकड टाकायला खाली झेपावताना समोरच्याचं सगळं वजन आपल्या गुडघ्यावर येऊन पडेल, असं तिला झोपेतही दिसायचं. हे ऐकल्यावर मी तिला धीराचे शब्द दिले नाहीत. तिला मैदानाच्या कडेला बसवलं आणि दिसतं ते नीट, एकेक करून सांगायला लावलं. अंगावर कोण पडतं? कुठल्या बाजूने? तेव्हा तुझा पाय कुठे असतो? जे झोपेत एक अखंड संकट होतं ते जागेपणी सांगताना चार हालचालींचं झालं, आणि हालचालींचा सराव करता येतो.

आता तुझ्याशी आम्ही कसं वागणार आहोत ते सांगतो, म्हणजे तुलाही अंदाज येईल.

पहिलं म्हणजे, आम्ही तुला विचारणार. ऑस्ट्रेलियातल्या केट वेब्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये खास याच कामासाठी 12 प्रश्नांची एक चाचणी बनवली. खेळताना गुडघा दगा देईल असं वाटतं का, पुन्हा दुखापत होण्याची काळजी वाटते का, पूर्वीसारखं खेळता येईल याची खात्री आहे का, पुन्हा ऑपरेशन करावं लागेल हा विचार अडवतो का, अशा धर्तीचे ते प्रश्न. उत्तरांवरून 0 ते 100 असा गुण निघतो. गुडघ्याच्या तपासणीइतकाच हाही आकडा महत्त्वाचा आहे आणि तो काढायला कागद-पेन्सिल पुरते. माझं सगळ्या डॉक्टरांना आणि फिजिओंना हात जोडून सांगणं आहे: परवानगीच्या कागदावर सही करण्याआधी हे प्रश्न मराठीत, खेळाडूला एकटं बसवून विचारा. आईवडिलांसमोर आणि प्रशिक्षकासमोर तो ‘काही नाही, मी ठीक आहे’ असंच म्हणणार.

दुसरं, आम्ही तुला पायरीपायरीने सामोरे जाणार. आधी रिकाम्या मैदानावर नुसत्या रेषा ओलांडायच्या. मग एका पायावर उभं राहून चेंडू झेलायचा, म्हणजे नजर गुडघ्यावरून उठते आणि शरीराला आतली खबर ऐकायची सवय लागते. मग हूल आणि वळण, समोर कुणी नसताना. मग समोर एक जण, पण हात न लावता. मग हलकी पकड, कुठल्या बाजूने येणार ते आधी सांगून. मग न सांगता. मग दोन जण, तीन जण, आणि शेवटी पूर्ण सातांचा संघ. प्रत्येक पायरीवर मी एकच विचारतो: दहापैकी किती भीती वाटली? आठ सांगितलं तर उद्या तीच पायरी. तीन सांगितलं तर पुढची. भीती शून्य व्हायची वाट आम्ही बघत नाही, कारण तशी वाट बघणारा कधीच उतरत नाही.

तिसरं, पडून असतानाच्या दिवसांतही आम्ही तुला मोकळं रान देणार नाही. अमेरिकेत 2001 साली एसीएलचं ऑपरेशन झालेल्या 30 जणांवर एक प्रयोग झाला. ज्यांना नेहमीच्या व्यायामाबरोबर शरीर सैल सोडायला आणि डोळे मिटून बरं होणं, खेळणं मनात रंगवायला शिकवलं, त्यांच्या गुडघ्याची ताकद सहा महिन्यांनी इतरांपेक्षा जास्त भरली, आणि पुन्हा दुखापतीची चिंता व वेदना कमी झाली. याला पैसे लागत नाहीत. मी पोरांना सांगतो, रात्री झोपण्याआधी एक चढाई डोळ्यांसमोर आणा. मध्यरेषा, पायाखालची माती, तोंडातला दम, डाव्या पायाची टाच पूर्ण टेकलेली, आणि परत येऊन रेषेला लागलेला हात. आधी सावकाश, मग खऱ्या वेगाने.

चौथं, जखमी खेळाडूला आम्ही मैदानाबाहेर काढणार नाही. त्याने गुण लिहावेत, लहान पोरांना हूल शिकवावी, समोरच्या संघाची पकड कुठे कच्ची आहे ते सांगावं. संघाच्या कोंडाळ्यात त्याची जागा रिकामी राहू नये. आणि ज्याचं आधी ऑपरेशन होऊन तो परतला आहे त्याला नव्याशेजारी बसवायचं. माझ्या हजार उपदेशांपेक्षा ‘मलाही असंच व्हायचं रे’ हे त्याचं एक वाक्य जास्त काम करतं.

पाचवं, जो खेळाडू सगळं करूनही परतायचं नाही असं ठरवतो, त्याला आम्ही पळपुटा म्हणणार नाही. होडीवर दोन धडधाकट पाय लागतात, घरची माणसं त्यावर जेवतात. गुडघा दुसऱ्यांदा पणाला लावायचा नाही, हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असेल तर तो त्याचा आहे आणि त्याला पूर्ण मान आहे. माझी तक्रार एवढीच, की तो निर्णय त्याने घ्यावा. तू गुपचूप त्याच्या वतीने घेऊ नयेस.

आमचा तो चढाईपटू अजून पायऱ्या चढतोय. आता त्याची टाच टेकते, सरावात तरी. डावीकडचा बोनस तो कधी घेतो, कधी सोडून देतो, आणि सोडला की स्वतःहून येऊन सांगतो, ‘सर, सहा होती.’ पूर्वी तो मान खाली घालून निघून जायचा. हा फरक मला बोनसच्या गुणापेक्षा मोठा वाटतो. ज्या दिवशी भीतीचा आकडा सांगायला पोरगं लाजत नाही, त्या दिवसापासून तुझी खरी ताकद निम्मी होते. तुझं सगळं बळ लपण्यात होतं.

म्हणून तुला हे उघड पत्र. मुरब्यातच नाही, तर सातपाटीपासून डहाणूपर्यंत जिथे जिथे एखादं पोरगं, एखादी पोरगी पट्टा सोडून पुन्हा मैदानाच्या रेषेपाशी उभी आहे, तिथे सगळ्यांदेखत तुझं नाव घेतलं जावं, तुला प्रश्न विचारले जावेत, तुझा आकडा वहीत लिहिला जावा. ये, पण समोरून ये. आम्ही तुझं म्हणणं ऐकून घेऊ, त्यातलं रास्त असेल ते मानू, आणि उरलेलं सरावाने खोटं पाडू.

कळावे,

मुरब्याचा एक कबड्डी प्रशिक्षक